इमोजी कानाला आणि बोटांना कसे कळतात?

गैरसमज : इमोजी हे चित्र असल्यामुळे अंध वाचकाला ते कळत नाही.

वस्तुस्थिती : इमोजी दिसतो चित्रासारखा, पण संगणकाच्या लेखी साधा इमोजी 'क' किंवा 'ख'सारखाच एक वर्ण आहे. युनिकोड या वर्णांच्या संगणकीय प्रमाणकात त्याला स्वतःचा क्रमांक आणि नाव असते. युनिकोडच्या 'सीएलडीआर' या संग्रहात अशी नावे मराठीसह अनेक भाषांत दिलेली आहेत. एनव्हीडीए, व्हॉइसओव्हर, टॉकबॅक हे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे स्क्रीन रीडर इमोजीचे नाव उच्चारतात.

गैरसमज : नाव कळले की भावही कळतो.

वस्तुस्थिती : स्क्रीन रीडर 'जोडलेले हात' एवढेच सांगतो. तो नमस्कार आहे, आभार आहेत की विनवणी, हे ऐकणाऱ्याला वाक्यावरूनच ठरवावे लागते. म्हणून शब्दाच्या जागी इमोजी टाकला की अर्थ निसटण्याची शक्यता वाढते.

गैरसमज : प्रत्येक इमोजी म्हणजे एकच वर्ण.

वस्तुस्थिती : कुटुंबाच्या इमोजीत माणसांचे वेगवेगळे वर्ण 'झिरो विड्थ जॉइनर' या अदृश्य चिन्हाने जोडलेले असतात. मराठीत 'दर्या' (समुद्र) आणि 'दर्‍या' (दरीचे अनेकवचन) हा भेद दाखवण्यासाठीही हेच चिन्ह वापरता येते. स्क्रीन रीडरला इमोजीतली जोडणी ओळखता आली नाही, तर कुटुंबाऐवजी पुरुष, स्त्री, मुलगी अशी सुटी नावे ऐकू येतात.

गैरसमज : शुभेच्छेत केकचा एक इमोजी टाकला काय आणि आठ टाकले काय, सारखेच.

वस्तुस्थिती : डोळा आठ केकांवरून क्षणात पुढे सरकतो, कानाला ती सवलत नाही. काही स्क्रीन रीडर सारखे इमोजी मोजून एकदाच सांगतात, तर काही प्रत्येकाचे नाव उच्चारतात. ओळीच्या मध्येच अशी रांग आली, तर शुभेच्छेचे पुढचे शब्द ऐकायला तेवढे थांबावे लागते.

गैरसमज : इमोजींप्रमाणेच सजावटीसाठी स्वतःच्या नावात वापरलेली वळणदार इंग्रजी अक्षरे म्हणजे निराळा फॉन्ट.

वस्तुस्थिती : ती बहुधा गणितासाठी राखलेली चिन्हे असतात. २००१ साली युनिकोड ३.१ मध्ये ती समीकरणांसाठी आली. त्यामुळे एका सरळ नावाऐवजी प्रत्येक अक्षरामागे 'मॅथमॅटिकल बोल्ड स्क्रिप्ट' अशी माळ ऐकू येते, नाहीतर ते नाव गाळलेच जाते. एनव्हीडीएच्या २०२४.३ या आवृत्तीत अशी चिन्हे साध्या अक्षरांत बदलून वाचण्याची सोय आली. पण ती सोय प्रत्येकाकडे असेलच असे नाही. साधी अक्षरे सर्वत्र वाचली जातात.

गैरसमज : बोटांनी वाचायच्या ब्रेल डिस्प्लेवर इमोजीचा आकार उमटतो.

वस्तुस्थिती : ब्रेलच्या एका सेलमध्ये सहा किंवा आठ टिंबे असतात. आठ टिंबांच्या, रिकाम्या सेलसह, २५६ रचना होतात. इमोजी त्याहून कितीतरी जास्त आहेत. म्हणून डिस्प्लेवर आकाराऐवजी इमोजीचे नाव येते, आणि रूपांतराच्या तक्त्यात त्याची नोंद नसेल तर सांकेतिक क्रमांक किंवा अनोळखी वर्णाची खूण. आनंदाश्रूंच्या चेहऱ्याचे इंग्रजी नाव, 'फेस विथ टिअर्स ऑफ जॉय', मोकळ्या जागा धरून २२ वर्णांचे आहे. संक्षेप न वापरता लिहिले, तर ४० सेलच्या ओळीतली निम्म्याहून अधिक जागा तेच घेते.

गैरसमज : अंध वाचकांचा विचार करायचा म्हणजे इमोजी सोडायचे.

वस्तुस्थिती : अंध व्यक्तीही इमोजी आवडीने वापरतात. मजकूर शब्दांत पूर्ण करावा, इमोजी वाक्याच्या शेवटी एखाद-दुसराच ठेवावा आणि नावे साध्या अक्षरांत लिहावीत. एवढे केले की संदेश डोळ्यांना, कानांना आणि बोटांना सारखाच पोचतो.