पिवळ्या पानाचे गाऱ्हाणे

पिकाचे दुखणे माणसाच्या दुखण्याहून एका बाबतीत अवघड असते. माणूस कोठे दुखते ते सांगू शकतो. रोपाला वाचा नाही. त्याच्यापाशी एकच भाषा आहे आणि ती पानांच्या रंगाची. ही भाषा ज्याला वाचता येते, तो वेळेवर योग्य उपाय करतो. ज्याला येत नाही, तो प्रत्येक पिवळ्या पानाला भूक समजून युरियाची मूठ टाकतो आणि पुष्कळदा अजीर्ण झालेल्या रोग्याला पुन्हा जेवावयास वाढतो. पैसा जातो, हंगाम जातो आणि दोष मात्र बियाण्यावर किंवा नशिबावर येतो.

हा प्रश्न समजून घेण्यास गोव्याच्या डिचोली तालुक्यातील शिरगावसारखे दुसरे ठिकाण क्वचितच सापडेल. वैशाखात निखाऱ्यांवरून चालणाऱ्या धोंडांमुळे आणि लईराई देवीच्या जत्रेमुळे हे गाव सर्वांस ठाऊक आहे. त्याची दुसरी ओळख लोहखनिजाची. जांभ्या दगडाच्या त्या तांबड्या भूमीत लोह इतके आहे, की त्यासाठी गावाच्या परिसरात खोल खाणी खोदल्या गेल्या. 2012 साली गोव्यातील खाणी बंद पडल्या. पुढे त्या पुन्हा सुरू झाल्या. 2018 साली सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने पुन्हा थांबल्या. आणि नव्याने लिलाव झाल्यानंतर 2024 पासून डिचोली तालुक्यात खनिज पुन्हा निघू लागले. या सगळ्या उलाढालीत खाणपट्ट्यातील शेतकऱ्याच्या पदरी काय पडले, याचा हिशेब त्याच्या शेतातील पानांवरही लिहिलेला असतो. तो वाचता आला तरच नुकसान कोणत्या कारणाने झाले, हे त्याला ठामपणे सांगता येईल.

वनस्पतीला जगण्यासाठी सतरा मूलद्रव्ये लागतात, असे आज मानले जाते. त्यांपैकी कार्बन, हायड्रोजन आणि प्राणवायू ही तीन हवेतून व पाण्यातून मिळतात. उरलेली चौदा जमिनीतून मुळांवाटे घ्यावी लागतात. हे ज्ञान एका दिवसात झालेले नाही. जर्मन रसायनज्ञ लीबिग याने 1840 साली आपल्या ग्रंथात वनस्पतींच्या खनिज आहाराचा जोरदार पुरस्कार केला. 1860 च्या सुमारास झाक्स व क्नोप यांनी मातीचा कणही न वापरता, केवळ क्षार विरघळवलेल्या पाण्यात रोपे वाढवून दाखविली. त्या पाण्यातून एकेक द्रव्य वगळले, की रोपावर कोणते चिन्ह उमटते, ते पाहता येऊ लागले. पानांच्या भाषेचा पहिला शब्दकोश असा काचेच्या बरण्यांत तयार झाला.

या भाषेचे व्याकरण एका नियमात सांगता येते: लक्षण जुन्या पानावर आहे की नव्या, हे आधी पाहावे. काही द्रव्ये रोपाच्या अंगात हिंडतीफिरती असतात. नत्र, स्फुरद, पालाश आणि मॅग्नेशियम ही त्यांतली. टंचाई आली, की खालची म्हातारी पाने आपल्याजवळचा साठा वरच्या कोवळ्या पानांना देऊन टाकतात, आणि म्हणून प्रथम तळची पाने सुकतात. लोह, कॅल्शियम, बोरॉन ही द्रव्ये एकदा जेथे बसली तेथून सहसा हलत नाहीत. त्यांची टंचाई म्हणूनच नव्या पालवीवर दिसते. गंधक आणि जस्त यांची गत या दोहोंच्या मधली आहे.

त्यानंतर रंगाची तऱ्हा पाहावी. तळची पाने सर्वांगाने फिकट पिवळी होऊन रोप खुरटले, तर नत्र कमी. पान काळसर हिरवे राहून मागील बाजूस जांभळी छटा आली आणि वाढ थांबली, तर स्फुरद कमी. जुन्या पानाच्या कडा व टोक करपल्यासारखे तपकिरी झाले, तर पालाश. जुन्याच पानाच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा झाला, तर मॅग्नेशियम. आणि हीच हिरव्या शिरांची जाळी शेंड्याच्या पानावर दिसली, तर लोह. शेंड्याची पाने जाळीवाचून सारखीच पिवळी झाली, तर गंधकाचा संशय घ्यावा. माडाची नवी पाती आखडून टोकाशी आकड्यासारखी वळली, तर बोरॉनची आठवण करावी.

तथापि शब्दकोश पाठ झाला म्हणजे भाषा आली असे होत नाही. पानावर टंचाई दिसली तरी जमिनीत ते द्रव्य नाही, असा त्याचा अर्थ नव्हे. गोव्याच्या जांभ्या मातीत स्फुरद घातले, तरी आम्लतेमुळे लोह आणि ॲल्युमिनियम त्याला धरून ठेवतात आणि मुळांना ते मिळत नाही. पावसाळ्याच्या धारा पालाश, चुना व मॅग्नेशियम धुऊन नेतात. उलट चुनखडीच्या जमिनीत लोह विपुल असूनही पीक लोहासाठी पिवळे पडते. फ्रान्समध्ये ग्रीस नावाच्या संशोधकाने 1844 च्या सुमारास अशा पानांवर लोहाच्या क्षाराचे पाणी लावून ती हिरवी करून दाखविली होती. म्हणून मातीचा सामू, म्हणजे आम्लतेचे माप, जाणल्यावाचून केलेले निदान अपुरेच राहते.

आता भातशेताकडे वळू. खाणपट्ट्यातील खळग्याच्या शेतात लावणीनंतर काही आठवड्यांनी पाने पिवळसर तपकिरी दिसू लागली, तर त्याची निदान चार कारणे संभवतात, आणि चारहींचा उपाय वेगळा आहे. पहिले कारण नत्राची भूक; तिची खूण वर आलीच आहे. दुसरे जस्ताची टंचाई. पंतनगर येथील डॉ. य. ल. नेने यांनी 1966 साली तराई भागातील भाताचा 'खैरा' नावाचा रोग हा जंतूंचा नसून जस्ताच्या अभावाचा आहे, असे दाखवून दिले. त्यात पानांवर गंजासारखे ठिपके पडतात, पीक ठिकठिकाणी बसके राहते. तोवर ज्याला रोग समजून औषधे मारली जात, तो जस्ताच्या सल्फेटाने बरा झाला. निदान चुकल्याची किंमत आणि बरोबर आल्याचे मोल, दोन्ही या एका उदाहरणात दिसतात.

तिसरे कारण शिरगावसारख्या भूमीचे स्वतःचे आहे: लोहाचे अजीर्ण. कोरड्या मातीतले लोह गंजाच्या रूपात असते आणि ते पाण्यात फारसे विरघळत नाही. शेतात पाणी साचून राहिले, की मातीतला प्राणवायू संपतो आणि तेच लोह विरघळणारे रूप घेते. डोंगरउतारावरून झिरपून येणारे पाणीही ते सोबत आणते. मुळे ते गरजेपेक्षा अधिक ओढतात. मग तळच्या पानांच्या टोकाकडून बारीक तपकिरी ठिपके पसरत जातात आणि पान काशाच्या भांड्यासारखे दिसू लागते. अशा वेळी पिवळेपणा पाहून लोहयुक्त औषध फवारणे म्हणजे आगीत तेल ओतणे होय. येथे पाण्याचा निचरा करून शेताला काही दिवस हवा देणे, पालाशाची उणीव भरून काढणे आणि माती फार आम्ल असल्यास लावणीपूर्वी चुना घालणे, हे उपाय होत.

चौथे कारण पोत्यातल्या कोणत्याच खताने बरे होणारे नाही. ते म्हणजे गाळ. खाणीतील टाकाऊ मातीच्या ढिगांवरून पावसात वाहून आलेली बारीक माती शेतात बसली, की जमिनीची छिद्रे बुजतात, मुळांना हवा मिळत नाही आणि अन्न समोर असूनही रोप उपाशी राहते. येथे खत वाढविण्यापेक्षा गाळ काढणे, पाट मोकळे करणे, शेणखत व पालापाचोळा घालून माती पुन्हा भुसभुशीत करणे आणि मुख्य म्हणजे गाळ येण्याची वाट अडविणे हेच औषध आहे. हे शेवटचे काम एकट्या शेतकऱ्याच्या हातचे नाही. त्यासाठीच त्याचे निदान पुराव्यासह तयार असले पाहिजे.

या चार कारणांतून एक निवडण्यास सर्वांत स्वस्त साधन म्हणजे एक रोप मुळांसकट उपटून, धुऊन पाहणे. पांढरी, नवी मुळे भरपूर असतील, तर भुकेचा विचार करावा. मुळांवर गंजाचा जाड थर असेल, तर लोहाचा. मुळे काळी पडून सडक्या अंड्यासारखी दुर्गंधी येत असेल, तर हवेच्या अभावाचा. पानाचे गाऱ्हाणे ऐकावे, परंतु साक्ष मुळाची घ्यावी.

घरातल्या कुंडीचेही असेच आहे. आजकाल म्हापसा, पणजी येथील बिऱ्हाडांतून गॅलरीत किंवा दिव्याच्या उजेडात मिरची, टोमॅटो, पालेभाजी लावण्याची हौस वाढली आहे. पहिल्या लावणीत पान पिवळे होताच नवशिक्या खताच्या बाटलीकडे धावतो. वास्तविक कुंडीत पहिला संशयित पाणी असतो. माती सतत ओली राहिली, की मुळे गुदमरतात. दुसरा अपुरा उजेड. तिसरे खताचे अजीर्ण: पानांची टोके करपतात आणि कुंडीच्या कडेला पांढरे क्षार जमतात. अशा वेळी खत थांबवून साध्या पाण्याने माती चांगली धुऊन काढावी आणि ते पाणी खाली निथळू द्यावे. नारळाच्या काथ्याचा भुसा वापरावयाचा असल्यास तोही आधी धुवावा. कारण त्यात सोडियम व पालाश यांचे क्षार असतात आणि तो कॅल्शियम धरून ठेवतो. टोमॅटोच्या फळाचा तळ काळा पडला, तर कॅल्शियम कमी पडले हे खरे. पण पुष्कळदा त्याचे मूळ अनियमित पाण्यात असते.

उपाय ठरला तरी तो सगळ्या शेतावर एकदम करू नये. एका पट्ट्यात करावा, शेजारचा पट्टा तसाच ठेवावा. जस्ताचा संशय असल्यास अर्धा टक्का झिंक सल्फेटात पाव टक्का चुना मिसळून फवारावे आणि आठदहा दिवस थांबावे. करपलेले जुने पान पुन्हा हिरवे होत नाही. त्यावरून निराश होण्याचे कारण नाही. नवीन येणारे पान कसे आहे, हाच निकाल.

मातीची परीक्षा मात्र अंदाजावर सोडू नये. शेतात नागमोडी चालत आठदहा ठिकाणी वीतभर खोल खड्डा घेऊन कडेची माती काढावी, एकत्र करून वाळवावी आणि चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकीत जावे. शेवटी उरलेली अर्धा किलो माती प्रयोगशाळेत पाठवावी. बांध, खताचा ढीग व झाडाची सावली येथील माती घेऊ नये. गाळ बसलेल्या भागाचा नमुना निराळा ठेवावा. 2015 साली केंद्र सरकारने सुरू केलेल्या मृदा आरोग्यपत्रिकेत बारा बाबी मोजल्या जातात. जुने गोवे येथील एला येथे किनारपट्टीच्या शेतीचे संशोधन करणारी केंद्रीय संस्था आहे. तिचे मार्गदर्शन डिचोलीच्या शेतकऱ्याला दूर नाही. कुळागरातल्या पूर्ण वाढलेल्या माडास वर्षाला 500 ग्रॅम नत्र, 320 ग्रॅम स्फुरद व 1200 ग्रॅम पालाश, आणि पोफळीस 100, 40 व 140 ग्रॅम, अशी सर्वसाधारण शिफारस आहे. पण ती सरासरी होय. आपल्या मातीत काय आहे ते कळल्यावरच तीत वाढघट करावी.

ज्या गावाच्या भूमीखालचे लोह जहाजांतून परदेशी गेले, त्या गावात पान पिवळे का पडले, हे ओळखता येणे ही लहानसहान गोष्ट नाही. भूक असेल तर खताने भागेल, अजीर्ण असेल तर निचऱ्याने ओसरेल. परंतु मातीच गुदमरलेली असेल, तर ते उघडपणे आणि मोजमापानिशी सांगता आले पाहिजे. पाहणे, मूळ तपासणे, माती मोजणे आणि मग हात घालणे, या क्रमाने जो चालेल, त्याचे खत वाया जाणार नाही आणि त्याची तक्रारही हवेत विरणार नाही.