गुरुजींचा काळा-पांढरा चौकोन

समजा, बुलडाणा जिल्ह्यातील लोणार सरोवरावर तुमच्या गुरुजींना संगणकावर तक्ता करायचा आहे आणि त्यावर क्यूआर कोड छापायचा आहे. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांना असे कोड जोडले होते. त्यांना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला.

चौकोनात चित्रफीत भरलेली असते, असे पुष्कळांना वाटते. असतो बहुधा नुसता तिचा पत्ता! काळे घर प्रकाश शोषते, पांढरे परावर्तित करते. त्यावरून कॅमेरा १ आणि ० ओळखतो. तीन कोपऱ्यांतील मोठे चौकोन दिशा सांगतात, म्हणून तक्ता उलटा धरला तरी चालते.

हा कोड १९९४ साली जपानमध्ये मोटारींच्या सुट्या भागांसाठी तयार झाला. कारखान्यात डाग पडणारच! म्हणून मूळ माहितीवरून गणिताने काढलेले जादा अंकही त्यात असतात. ४, ७ आणि त्यांची बेरीज ११ असे लिहिले व ७ पुसला गेला, तर ११ मधून ४ वजा करून तो मिळतोच ना? कोडातील गणित बरेच अवघड, पण कल्पना अशीच. सर्वांत मजबूत प्रकारात सुमारे ३० टक्के माहिती बिघडली तरी भरून निघते. डाग कोपऱ्यातील मोठ्या चौकोनावर पडला, तर मात्र पंचाईत!

तेव्हा गुरुजींनी सजावटीचा मोह आवरलेला बरा. पांढऱ्यावर पिवळा कोड कॅमेऱ्याला जवळजवळ दिसतच नाही. भोवती चार घरांइतकी जागा कोरी हवी. तेथे वेलबुट्टी काढली, तर चौकोन कोठे संपतो हे यंत्राला कळणे कठीण.