पोकळी आधी, काँक्रीट नंतर

कोकणातल्या दमट हवेत घर गरम करण्याची वेळ येत नाही. इथे हवा गार करायची आणि ओल काढायची असते. पनवेलमधल्या एका रुग्णालयाच्या तळघराचं काम मी पाहिलं, तेव्हा फुटिंग भरून झाली होती आणि प्लिंथ बीमच्या सळ्या बांधणं चालू होतं. फिटर त्या सळ्यांत प्लास्टिकच्या पाइपचे तुकडे तारेने घट्ट आवळत होता. हे स्लीव्ह. एसीचा ड्रेन आणि तांब्याच्या नळ्या पुढे यांतूनच जातील.

स्लीव्ह कुठेही बसवता येत नाही. कॉलमजवळ बीमवर कातरबल सर्वाधिक असतं, म्हणून तिथे भोक पाडायचं नाही. मधल्या भागात, बीमच्या उंचीच्या मध्याशी जागा मिळते. वरच्या-खालच्या मुख्य सळ्यांना धक्का लागत नाही. भोक मोठं असेल तर भोवती जादा सळ्या लागतात, आणि त्या आरसीसी डिझायनरनेच ठरवायच्या.

गार हवेची डक्ट मात्र बीममधून जात नाही, छताच्या बीमखालून जाते. समजा, तळघराच्या फरशीपासून वरच्या स्लॅबच्या माथ्यापर्यंत 3.3 मीटर आहेत. बीम 600 मिलिमीटर, डक्ट 300, वर-खाली 25-25चं इन्सुलेशन, हँगर आणि फॉल्स सीलिंगला 100. उरतात 2.25 मीटर. राष्ट्रीय बांधकाम संहिता वातानुकूलित खोलीला किमान 2.4 मीटर उंची मागते. डक्ट चपटी केली तर घर्षण वाढतं, पंख्याला जोर लागतो, आवाज होतो. इन्सुलेशन कमी केलं तर गार पत्र्याला घाम सुटतो आणि सीलिंगवर डाग पडतात. बीम 450चा, पण रुंद आणि जास्त सळ्यांचा केला, तर हिशेब बरोबर 2.4वर येतो. हा बदल कागदावर करणं सोपं आहे, काँक्रीट झाल्यावर अशक्य.

बाहेरच्या भिंतीचं आणखी वेगळं. गाढी नदीकाठच्या या शहरात पावसाळ्यात जमिनीतलं पाणी वर येतं. भिंतीतल्या स्लीव्हला भोवती पोलादी कडं लागतं, नाहीतर पाइपच्या कडेने पाणी झिरपतं. ते कडं काँक्रीटबरोबरच आत बसवावं लागतं.

एवढं सगळं पायापासून ठरत असताना एसीवाल्याला बोलावतात प्लास्टर झाल्यावर. मग ब्रेकर चालतो, सळ्या कापल्या जातात आणि कमकुवत झालेला बीम कायम तसाच राहतो. आर्किटेक्ट, आरसीसी डिझायनर आणि एसीचा अभियंता यांनी पायाच्या नकाशावर एकत्र सह्या केल्याशिवाय रेडीमिक्सची गाडी मागवूच नये.