कबड्डी खेळून पोट भरते का?

आपल्याकडे भात कापून झाले की मळे मोकळे होतात. मग ढेकळे फोडायची, पाणी मारायचे, चुन्याने रेघा ओढायच्या आणि कबड्डी सुरू! संध्याकाळी घरी गेले की फुटलेले गुडघे पाहून बोलणी बसतात. "कबड्डी खेळून काय पोट भरता?" हा प्रश्न तर घरोघरी ठरलेला. या प्रश्नाचे खरे उत्तर काय, ते या लेखात सांगते.

हुतूतूची झाली कबड्डी

हा खेळ फार जुना. महाराष्ट्रात त्याला हुतूतू म्हणत, बंगालमध्ये हाडूडू आणि तमिळ मुलखात चेडुगुडू. जसे नाव वेगळे तसे नियमही वेगळे. संजीवनी या प्रकारात समोरचा गडी बाद झाला की आपला बाद झालेला गडी जिवंत होई. गामिनी प्रकारात बाद झालेला शेवटपर्यंत बाहेरच बसे. अमर प्रकारात कोणी बाहेर जातच नसे, फक्त गुण मोजत. आता सांगा, एका गावचा संघ संजीवनी खेळणारा आणि दुसऱ्या गावचा गामिनी खेळणारा, तर सामना कसा व्हायचा? भांडणच व्हायचे!

म्हणून नियम लिहून काढण्याचे काम सुरू झाले. त्यात महाराष्ट्रातल्या आणि बडोद्याच्या मंडळींचा मोठा वाटा आहे. १९२३ साली बडोद्याला ठरलेल्या नियमांनी मोठी स्पर्धा झाली. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तेथे कबड्डी खेळून दाखवली. १९५० साली अखिल भारतीय कबड्डी फेडरेशन स्थापन झाले. संजीवनी पद्धत कायम झाली. १९९० साली बीजिंगच्या आशियाई खेळांत कबड्डीला पदकाचा मान मिळाला आणि पहिले सुवर्णपदक भारताने आणले.

या कामात शंकरराव साळवी यांचे नाव आदराने घेतात. सगळे त्यांना बुवा म्हणत. १५ जुलै हा त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळतात.

पण एवढी वर्षे हा खेळ हौसेचाच होता. खेळाडू पोटासाठी रेल्वे, पोलीस, बँक किंवा एखाद्या कंपनीत नोकरी करी आणि त्यांच्या संघातून खेळे.

लीग म्हणजे काय?

लीग म्हणजे साखळी. एकदा हरलो की घरी, असे तिच्यात नसते. प्रत्येक संघ दुसऱ्या संघांशी आळीपाळीने खेळतो, गुणांचा तक्ता बनतो आणि वरचे संघ पुढच्या फेरीत जातात. खेळाडूंना ठरलेला पगार असतो. ही पद्धत अमेरिकेत बेसबॉल या खेळाने रुजवली. बेसबॉल थोडासा आपल्या विटीदांडूसारखा: एक टोलवतो, बाकीचे झेलायला धावतात. १८६९ साली सिनसिनाटी गावाने सगळे खेळाडू पगारी असलेला संघ काढला. १८७६ साली ८ संघांची नॅशनल लीग सुरू झाली, ती आजही चालू आहे.

आपली प्रो कबड्डी लीगही ८ संघांनीच सुरू झाली. तारीख होती २६ जुलै २०१४ आणि गाव मुंबई. त्यात आपल्या महाराष्ट्राचे दोन संघ, यू मुंबा आणि पुणेरी पलटण. २०१७ साली ४ संघ वाढले आणि एकूण १२ झाले. पहिल्या वर्षी अंतिम सामन्यात जयपूरने यू मुंबाला हरवले. २०१५ साली यू मुंबाने विजेतेपद मिळवले. पुणेरी पलटणला मात्र मार्च २०२४ पर्यंत वाट पाहावी लागली. तेव्हा त्यांचा कप्तान होता नगर जिल्ह्याचा अस्लम इनामदार.

कारभार कसा चालतो?

मशाल स्पोर्ट्स ही कंपनी लीग भरवते. प्रत्येक संघाला मालक असतो. टीव्हीवर सामने दाखवण्याचे आणि जाहिरातींचे पैसे येतात, त्यावर गाडा चालतो. खेळाडूंचा लिलाव होतो. लिलाव म्हटले की आपल्याला बंदरावरची मासळी आठवते! इथे माणूस विकत नाहीत, त्याचा त्या हंगामाचा मोबदला बोलीने ठरतो. २०१४ साली सर्वांत मोठी बोली राकेश कुमारवर लागली, १२ लाख ८० हजार रुपये. २०२३ साली पवन सेहरावतवर २ कोटी ६० लाखांच्या वर बोली गेली.

आपल्या जवळचे उदाहरण सांगते. तिलारी घाट चढून गेले की चंदगड तालुका लागतो. तिथल्या हुंदळेवाडीचा सिद्धार्थ देसाई. २०१८ साली यू मुंबाने त्याला ३६ लाख ४० हजारांना घेतले आणि पुढच्याच वर्षी तेलुगू टायटन्सने १ कोटी ४५ लाखांना! पण २०२१-२२ च्या हंगामात खांद्याला दुखापत झाली आणि त्याला बरेच सामने बाहेर बसावे लागले. पैसा आहे, तसा धोकाही आहे.

आता हिशेब करू

एका संघात साधारण १८ ते २५ खेळाडू. संघ १२. गुणाकार करा: कमीत कमी २१६, जास्तीत जास्त ३००. सगळ्या भारतातून एवढेच, शिवाय त्यात परदेशी खेळाडूही आले. तेव्हा "भरते" असे ठोक उत्तर देता येत नाही. पण महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत गुणवान खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. त्यासाठी वरच्या स्पर्धांची प्रमाणपत्रे आणि शिक्षण, दोन्ही लागते. म्हणून खेळणाऱ्याने अभ्यास सोडता कामा नये.

आणि मुलींचे काय?

हा लेख मी घरी वाचून दाखवला. आजी सगळे ऐकून म्हणाली, "मगे आमच्या चेडवांची लीग खंय आसा?" मला उत्तर देता येईना.

भारताच्या मुलींनी आशियाई खेळांत २०१० आणि २०१४ साली सुवर्ण, २०१८ साली रौप्य आणि २०२३ साली हांगझोला पुन्हा सुवर्ण मिळवले. २०१२ साली पाटण्याला विश्वचषक जिंकणाऱ्या संघात आपल्या महाराष्ट्राच्या तिघी होत्या: सुवर्णा बारटक्के, दीपिका जोसेफ आणि अभिलाषा म्हात्रे. पण प्रो कबड्डीने २०१६ साली मुलींचे ३ संघ खेळवून पाहिले, आणि ते तेवढ्यावरच थांबले. मुलांच्या तोडीची, दरवर्षी नियमाने भरणारी मुलींची लीग अजून उभी राहिलेली नाही.

अमेरिकेत पुरुष लढाईवर गेले तेव्हा १९४३ साली मुलींची बेसबॉल लीग निघाली आणि ती १९५४ पर्यंत चालली. म्हणजे मनावर घेतले तर होते!

पालकहो, आपल्या मळ्यातल्या स्पर्धेत मुलांचे संघ पुष्कळ असतात. यंदा मुलींचे दोन तरी संघ उतरू द्या. साखळीची सुरुवात अशीच गावातून व्हायची. आणि गुडघे फुटले तर हळद आहेच घरात!

— एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी