अल्प खर्चातील ख्रिस्ती लघुपट

मोबाइलमध्ये कॅमेरा आला, त्यामुळे चित्रपट काढणे कोणालाही सोपे झाले, असा समज सर्वत्र पसरला आहे. तो अर्धाच खरा आहे. यंत्र स्वस्त झाले. परंतु विषय निवडणे, तो पेलणे आणि आपल्या मर्यादा ओळखणे हे काम पूर्वीइतकेच अवघड राहिले आहे. ख्रिस्ती विषयावर लघुपट काढू पाहणाऱ्या तरुणांच्या बाबतीत याचा थोडा विचार करू.

हा विषय मराठी माणसाला परका नाही. १९१०-११ च्या सुमारास दादासाहेब फाळके यांनी मुंबईत ख्रिस्तजीवनावरील मूकपट पाहिला आणि आपले राम-कृष्ण पडद्यावर केव्हा दिसतील, या विचाराने ते अस्वस्थ झाले. त्यातूनच पुढे १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' आला, हे सर्वश्रुत आहे. परंतु १९१२ साली विलायतेहून कॅमेरा आणल्यावर त्यांनी एकदम हरिश्चंद्राला हात घातला नाही. प्रथम वाटाण्याच्या अंकुराच्या वाढीचा छोटासा चित्रपट केला व तो दाखवून भांडवल मिळविले. त्यात नट नव्हते, वेशभूषा नव्हती. आपल्याजवळ आहे तेवढ्यात पुरी होईल अशी गोष्ट मात्र होती.

आम्ही हा धडा उलट्या क्रमाने शिकलो. महाविद्यालयात असताना आम्ही चौघा मित्रांनी पहिला लघुपट काढला, तो थेट ख्रिस्ताच्या क्रूसावरील मरणाचा! ड्रेपरी भाड्याने आणली, गावाबाहेरच्या टेकडीला कालवरी मानले आणि दोन दिवसांत चित्रण उरकले. पडद्यावर पाहतो तो संवाद वाऱ्याच्या घोंघाटात बुडालेले आणि एका रोमन शिपायाच्या मनगटावर घड्याळ! जेथे डोळे पाणावायचे, तेथे पोरे हसू लागली. मागच्या बाकावरच्या एक आजीबाई मुकाट्याने उठून गेल्या. पैसे बुडाल्याचे दुःख आम्हांस तेवढे झाले नाही. जे त्यांना पूज्य, ते आपण हास्यास्पद केले, हे मात्र फार लागले.

चूक गरिबीची नव्हती. इटलीत पासोलिनी यांनी १९६४ साली मत्तयाच्या शुभवर्तमानावर चित्रपट केला, तेव्हा बहुतेक भूमिका साध्या माणसांना दिल्या. ख्रिस्त झाला एक विद्यार्थी आणि वृद्ध मरिया झाल्या दिग्दर्शकाच्या आई. तेथे साधेपणा शोभला. आम्ही भव्यतेचे सोंग आणले, म्हणून फसलो.

मग उपाय कोणता? शुभवर्तमानातील दृष्टांत! लूकच्या पंधराव्या अध्यायात एक बाई आहे. तिच्या दहा नाण्यांपैकी एक हरवते. ती दिवा लावते, घर झाडते, नाणे सापडेपर्यंत शोधते आणि सापडल्यावर शेजारणींना आनंदाने बोलावते. पश्चात्ताप करणाऱ्या एका पाप्याबद्दल स्वर्गात असाच आनंद होतो, असे ख्रिस्त सांगतो. एक खोली, एक दिवा, एक केरसुणी, एक नाणे आणि चार बायका. यापेक्षा काय लागते? ज्या अंधाराची आपल्याला एरवी अडचण, तो येथे गोष्टीलाच हवा आहे.

आमचा दुसरा लघुपट याच गोष्टीचा. पटकथेचे एक पान म्हणजे अंदाजे एक मिनिट, या हिशेबाने सहा पाने लिहिली. नुसत्या दिव्याचा उजेड अपुरा पडतो, म्हणून दिव्याआड एक छोटा बल्ब लपविला आणि समोर पांढरी चादर टांगून उजेड परतविला. मोबाइल आपणहून उजेड कमीजास्त करतो. ते आधीच बंद केले. ध्वनीकडे तर सर्वांत जास्त लक्ष दिले. कॅमेरा लांब असला की त्यातला आवाजही लांबचा येतो. म्हणून दुसरा मोबाइल बोलणाऱ्या बाईच्या पदराआड ठेवला. केरसुणीची सळसळ आणि शहाबादी फरशीवरचा नाण्याचा खणखणाट मागाहून जवळून टिपून घेतला. पैसे गेले ते चहा, जेवण आणि प्रवास यांवर. जेवणात काटकसर करू नये, कारण उपाशी माणसे काम बिघडवितात.

हक्कांचाही विचार आधीच करावा. बायबल जुने असले तरी त्याचे नवे भाषांतर कोणाच्या तरी मालकीचे असू शकते. आपल्याकडे कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षांपर्यंत त्याच्या शब्दांवर हक्क राहतो. रेव्हरंड ना. वा. टिळक १९१९ साली वारले, म्हणून त्यांचे शब्द आज मोकळे आहेत. परंतु त्यांना कोणी दिलेली नवी चाल किंवा ध्वनिमुद्रण मोकळे नाही. चित्रपटगृहात दाखवायचे तर १९५२ च्या कायद्याप्रमाणे प्रमाणपत्र हवे, हेही विसरू नये.

शेवटी एक गोष्ट. आमच्या चित्रपटातील बाई शेजारच्याच. अभिनयाचा गंधही नसलेल्या. नाणे कोठे ठेवले आहे, हे आम्ही त्यांना सांगितलेच नाही. त्या खरोखर शोधत राहिल्या, थकल्या, कंटाळल्या आणि कोनाड्याखाली ते सापडताच अशा हसल्या, की आम्ही लिहिलेला शेवटचा उपदेशपर संवाद तेथेच कापून टाकला. तरुण मित्रांना आम्ही एवढेच म्हणू: उपदेश स्वस्त असतो. शोध खरा असू द्या. पाहणारा आनंद आपणच ओळखतो.