बदललेला गुडघा किती वर्षे टिकतो?

डहाणू-तलासरीकडच्या मंडळींनो, भाताच्या आवणीत उभा जन्म वाकून काढला की साठीत गुडघे कुरकुरतात. मग घरात प्रश्न निघतो : आजीचा गुडघा बदलावा का? आणि बदलला तर टिकेल किती?

पंतप्रधान असताना अटलबिहारी वाजपेयींचे दोन्ही गुडघे मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात २००० व २००१ साली बदलले गेले. यात हाडांची झिजलेली टोके तासून त्यांवर धातूचे भाग बसवतात. मध्ये प्लॅस्टिकची गादी असते. ऑस्ट्रेलिया व फिनलंडमधील नोंदींवरून २०१९ साली ‘लॅन्सेट’मध्ये हिशेब आला : शंभरांतले सुमारे ८२ गुडघे २५ वर्षे टिकतात. म्हणजे साठीतला नवा गुडघा बहुधा जन्माला पुरतो.

पण तिकडची माणसे खुर्चीवर बसणारी. आपण उकिडवे बसणारे! गादी झिजते, सांधा सैल होऊ शकतो. म्हणून उकिडवे बसणे, जड भारा उचलणे टाळावे. व्यायाम चुकवला तर सांधा आखडतो. पायाची जखम, गळू, किडका दात अंगावर काढू नये. त्यातले जंतू रक्तावाटे सांध्यात शिरू शकतात.

तेव्हा आधीच समजून घ्या : दुखणे बहुतेकांचे हटते, चालणे सुधारते, पण आजीला पुन्हा आवणीच्या चिखलात उतरवू नका.