ऊर नगर आणि अबकैकची वाळू
(शाब्बाथनंतर दिलेल्या व्याख्यानाचे टिपण)



'लेख लेखा'चे वाचन संपल्यावर एका मुलाने मला विचारले, "आपला बाप आब्राहाम ज्या ऊरहून निघाला, ते सापडले का?" 'सापडले', असे मी येथेच अनेक वर्षे सांगत आलो. आज ते विधान मला दुरुस्त करावयाचे आहे.

इराकच्या दक्षिणेस तेल अल-मुकय्यर येथे लिओनार्ड वूली यांनी १९२२ ते १९३४ पर्यंत उत्खनन केले. ते सुमेरी ऊर होय, यात शंका नाही. सोन्याने भरलेली राजथडगी आणि सिंधूकडून गेलेले अकीकाचे मणी तेथे मिळाले. आब्राहामाचे नाव मात्र एकाही विटेवर नाही. शिवाय तोरा 'खास्द्यांचे ऊर' म्हणते, आणि खास्दी हे नाव लेखांत इसवी सनापूर्वी नवव्या शतकात प्रथम येते. म्हणून काही विद्वान ते ऊर उत्तरेस, हारानाजवळ शोधतात.

तरी हे दक्षिणेकडील ऊर आपणांस परके नाही. माझा एक मित्र सौदी अरेबियात अबकैक येथे तेलाच्या कारखान्यात नोकरीस होता. तेथे वाळूवाचून काही नाही, असे तो म्हणे. पण त्या पूर्व प्रांतात, किनाऱ्यावर दोसारिया येथे आणि अबकैकच्या दक्षिणेस अल-हसाच्या ओअसिसात ऐन कन्नास येथे, हिरवट मातीची, काळ्या नक्षीची खापरे मिळाली. तशी भांडी प्रथम ऊरशेजारच्या अल-उबैद येथे ओळखली गेली. त्यांचे वय सहा-सात हजार वर्षे. कोणी म्हणेल, अरबांनी नक्कल केली असेल. १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या परीक्षणात मातीतील सूक्ष्म द्रव्ये मोजली, तेव्हा माती दक्षिण मेसोपोटेमियाचीच, ऊरच्या परिसराचीही, ठरली. म्हणजे भांडी सुमारे साडेसहाशे किलोमीटर दूर, बहुधा होडीने, गेली. राजे आणि लेखनकला त्यानंतरची!

पुढे हाच किनारा व बहरैन मिळून दिल्मुन म्हणून ओळखला गेला. ऊरचा एआ-नासिर नावाचा व्यापारी तेथून तांबे आणी. हलके तांबे देऊन माझ्या नोकराचा अपमान केला, अशी नान्नी नावाच्या गिऱ्हाइकाची तक्रार मातीच्या पाटीवर आजही लंडनच्या संग्रहालयात आहे. पावणेचार हजार वर्षांनंतरही त्याचा राग निवलेला दिसत नाही.

त्या मुलाला मी एवढेच सांगितले: ऊर सापडले आहे, आब्राहामाचे ऊर तेच की दुसरे, हे अद्याप ठरलेले नाही. तो म्हणाला, "मग हारान कुठे आहे?" नकाशा घेऊन पुढच्या शाब्बाथला ये, असे मी त्याला सांगितले आहे.